यादीत नसलेली खोली

२०२५च्या एप्रिलमध्ये उमरेडहून मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. आठ ओळींची यादी आणि खाली एक प्रश्न: "दादा, ह्यात काही चुकलं का?"

यादी गेमिंग पीसीची होती. कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, आरटीएक्स ४०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एक स्वस्त पॉवर सप्लाय, समोरून काच आणि आत रंगीत दिवे असलेला कॅबिनेट. आठवी ओळ बेरजेची: सत्तर हजारांच्या आत. ही यादी त्याने एका व्हिडिओवरून जशीच्या तशी उतरवली होती. पैसे मावशीच्या भिशीचे होते. संध्याकाळी तिचाही फोन आला. "तू इंजिनियर हायेस ना, मंग तूच पाह्य. मले त्यातलं काही समजत नाही. पण भिशी काही दरवर्षी निघत नाही."

मी यादी तीनदा वाचली. चूक एकही नव्हती. प्रोसेसर त्या बोर्डवर बसतो, कार्ड त्या कॅबिनेटमध्ये मावतं, वॅटची बेरीज जुळते. तरीही ही यादी त्या घरासाठी नव्हती, हे मला दिसत होतं. बरोबर असलेली यादी चुकीची कशी असू शकते, हे त्याला समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की ज्या लेखनप्रकारातून ती आली, त्याबद्दल आपण कधी नीट बोललेलोच नाही.

त्या प्रकाराला ‘बिल्ड गाइड’ म्हणतात. अमुक बजेटमध्ये अमुक पार्ट घ्या, असं सांगणारा व्हिडिओ किंवा लेख. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान मुलांनी कादंबऱ्या किती वाचल्या माहीत नाही, पण बिल्ड गाइड मात्र भरपूर वाचली-पाहिली आहेत. घरातले साठ-सत्तर हजार रुपये कुठे जाणार, हे त्यांच्यावर ठरतं. इतकं वजन असलेल्या लेखनाची समीक्षा व्हायला हवी. आकड्यांची तपासणी होतेच. कोणत्या कार्डाला किती फ्रेम, यावर लोक रात्र रात्र भांडतात. पण हे लेखन कोणाला उद्देशून आहे, काय गृहीत धरतं आणि काय गाळतं, हे कोणी विचारत नाही.

आधी त्याची रचना पाहू. जवळपास प्रत्येक गाइडमध्ये ग्राफिक्स कार्ड नायक असतं. त्याला सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त पैसा मिळतो. प्रोसेसर नायकाचा मित्र. रॅम आणि एसएसडी ओळखीचे चेहरे. पॉवर सप्लाय शेवटच्या अर्ध्या मिनिटात येतो, "कोणताही चांगला ५५० वॅटचा घ्या" एवढं ऐकून घेतो आणि जातो. यूपीएस, वायरिंग, खोली, मॉनिटर ही पात्रंच नाहीत.

मग त्याचे ठरावीक शब्द. ‘बॉटलनेक’ हा त्यातला सर्वांत भीतिदायक. प्रोसेसर कार्डाला पुरा पडला नाही तर कार्ड अडून राहतं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये कोणता तरी भाग सर्वांत हळू असतोच, आणि तो कोणता हे गेमनुसार बदलतं. पण गाइडमध्ये हा शब्द एखाद्या रोगासारखा येतो, आणि औषध नेहमी एक पायरी महागडा पार्ट असतं. दुसरा शब्द ‘फ्यूचर-प्रूफ’. पाच वर्षांनी गेम काय मागतील हे आज कोणाला ठाऊक नाही. तरी त्या भविष्यासाठी आजचे दहा हजार जास्त द्या, असं हा शब्द सांगतो. माझ्या भावाच्या यादीत तो कार्डाच्या ओळीसमोर कंसात लिहिलेला होता.

मी त्याला विचारलं, मॉनिटर कोणता? घरी जुना आहे, १०८०पी, ६० हर्ट्झचा. खेळणार काय? व्हॅलोरंट, जीटीए ५, पुढे बघू.

६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. आत कार्ड दीडशे काढत असलं तरी डोळ्यापर्यंत साठच पोचतात. फ्रेम वाढल्यावर माउस आणि पडदा यांच्यातला विलंब थोडा कमी होतो, तेवढाच उपयोग. आणि व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या कंपनीने जीटी ७३०सारख्या जुन्या, किरकोळ कार्डावर साठ फ्रेम मिळतील असं आपल्या अटींमध्ये लिहिलं होतं. व्हिडिओतल्या आलेखात मात्र सायबरपंक २०७७ होता, कारण कार्डाला घाम फोडणारा गेम नसेल तर दोन कार्डांतला फरक दिसत नाही. परीक्षकाची ही गरज समजू शकते. पण ती परीक्षकाची आहे, भावाची नाही. सत्तर हजारांतला निम्म्याहून जास्त पैसा तो अशा फरकासाठी देणार होता, जो त्याच्या मॉनिटरला दाखवता येत नव्हता आणि त्याच्या गेमला लागत नव्हता.

आता नावांकडे येऊ. पार्ट निवडणाऱ्याला सर्वांत आधी वाचावा लागतो तो खोक्यावरचा मजकूर, आणि तो भरवशाचा नाही. २०१७ मध्ये एनव्हिडियाने जीटी १०३० काढलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ मेमरी होती, सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवणारी. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं, वेग १६.८ जीबी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत दोन्हीकडे जीटी १०३०च. त्याआधी २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० दोन रूपांत आलं, ६ जीबी आणि ३ जीबी. वाचणाऱ्याला वाटावं की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात कोअरसुद्धा कमी होते, १२८०च्या जागी ११५२. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० एकाच नावाने १६ आणि १२ जीबीचं जाहीर झालं, तेव्हा आतली चिपच वेगळी होती. यावेळी इतका आरडाओरडा झाला की १४ ऑक्टोबरला कंपनीने १२ जीबीचं कार्ड मागे घेतलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून बाजारात आलं. वस्तू तीच, नाव बदलताच तिची जागा आणि किंमत बदलली.

हा आरडाओरडा करणारे बिल्ड गाइडच्याच जगातले लोक होते. हे आधी मान्य करायला हवं, नाहीतर ही समीक्षा अन्यायाची होईल. खोक्यामागचं वाचायला आम्हाला त्यांनीच शिकवलं. गावात ना असं दुकान होतं, ना असा शिक्षक, तरी आमच्यातल्या कित्येकांना पीसीआय एक्सप्रेसच्या लेन मोजता येतात, बायोस अपडेट करता येतो, ते यांच्यामुळे. फुकट, आणि कंपन्यांची भीड न ठेवता. माझी तक्रार ते खोटं बोलतात अशी नाही. ते आपल्या खोलीतलं खरं सांगतात आणि खोलीचं नाव सांगत नाहीत, अशी आहे.

आम्हा प्रोग्रामरांमध्ये एक बदनाम वाक्य आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बंद पडलं की हे वाक्य येतं. ते खोटं नसतं, म्हणूनच चीड आणतं. बिल्ड गाइड हा त्या वाक्याचा पूर्ण साहित्यप्रकार झालेला आहे.

उदाहरणार्थ तापमान. चांगले परीक्षक खोलीचं तापमान २०-२२ अंशांवर स्थिर ठेवून चाचणी घेतात. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. खोली बदलत राहिली तर दोन कार्डांची तुलना होणार नाही. समजा त्या खोलीत एक कार्ड ६४ अंशांवर थांबलं. आलेखावर ‘६४’ छापून येतं. पण हवेने थंड होणाऱ्या कोणत्याही पार्टचं तापमान साधारणपणे खोलीच्या तापमानात भर घालून बनतं. इथे ती भर ४२ किंवा ४३ अंशांची. खरा निष्कर्ष तेवढाच आहे. ‘६४’ ही त्या परीक्षकाच्या एसीची देणगी.

आता मे महिन्यातलं उमरेड घ्या. दुपारी बाहेर ४५. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर चालू असेल तर खोली ३५-३६ला येते. कार्ड ७८. चालेल. लाईट गेली, इन्व्हर्टरवर पंखा आहे पण कूलर बंद. तासाभरात खोली ४१-४२. कार्ड ८५च्या घरात, पंखे ओरडायला लागतात, आणि कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. आलेखातला दोन कार्डांमधला सात-आठ टक्क्यांचा फरक, ज्यासाठी माणूस दहा हजार जास्त देतो, तो इथे गळून जाऊ शकतो. शिवाय तीनशे वॅट खाणारा पीसी तीनशे वॅटची उष्णता त्याच खोलीत सोडतो. जुने शंभर वॅटचे तीन पिवळे बल्ब भर दुपारी टेबलाखाली पेटवून ठेवल्यासारखं. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही, आणि हा हिशेब पुन्हा बदलतो.

आकडा कुठे मोजला, याने किती फरक पडतो हे नागपूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. बातमी देशभर गेली. मग हवामान खात्याने स्पष्ट केलं की सेन्सर बिघडला होता. इतर काही केंद्रांवर तापमान ४४च्या आसपास होतं. त्या दिवशी आपण सगळ्यांनी विचारलं की हे यंत्र कुठे बसवलं आहे, नीट आहे का, शेजारचं यंत्र काय म्हणतं. हाच प्रश्न आपण आलेखाला विचारत नाही, कारण आलेख सुबक असतो.

काचेच्या पुढच्या पॅनलचा कॅबिनेट त्या यादीत होता, तोही त्या २१ अंशांच्या खोलीतला. काचेतून हवा येत नाही. बाजूच्या फटींतून जेवढी मिळेल तेवढीच. आमच्याकडे जाळीचा लागतो. पण जाळीतून धूळही येते, आणि कोळशाची उघडी खाण असलेल्या गावात खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर ते काळं होतं. म्हणजे जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा आणि महिन्यातून एकदा तो धुणारा माणूस हवा. पीसी कूलरच्या थेट झोतातही ठेवायचा नाही, कारण त्या हवेत पाणी असतं. हे एवढं सगळं ‘कॅबिनेट: तुमच्या आवडीचा’ या तीन शब्दांत दडपलेलं असतं.

आणि आता वीज. तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत आहात. फोनच्या पोटात बॅटरी असते, म्हणून लाईट गेली-आली तरी त्याला कळत नाही. डेस्कटॉपला प्रत्येक झटका कळतो, आणि तो झेलणारा एकमेव पार्ट म्हणजे गाइडमधलं ते अर्ध्या मिनिटाचं पात्र.

चांगला पॉवर सप्लाय वीज गेल्यावर पूर्ण भाराखाली साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाइतकाही हा वेळ नाही. घरगुती इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ असा खटका असतो, तो चालू असेल तर बदल लवकर होतो. साध्या मोडमध्ये जास्त वेळ लागू शकतो, आणि तेवढ्यात पीसी बंद. स्वस्त पॉवर सप्लायची मजल १६ मिलिसेकंदांपर्यंतही जात नाही.

गाइड म्हणतं, "८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड बघा आणि निश्चिंत व्हा." हे प्रमाणपत्र २००४ पासून आहे आणि ते मुख्यतः एकच गोष्ट मोजतं: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज वाया न जाता पार्टपर्यंत पोचते. चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या तापमानात होते. व्होल्टेज उसळलं, जास्त भार आला, आत शॉर्ट झालं तर पॉवर सप्लाय काय करेल, याबद्दल ते स्टिकर काहीही सांगत नाही. २०२१ मध्ये गेमर्स नेक्ससने गिगाबाइटच्या पी७५०जीएम या मॉडेलच्या चाचण्या दाखवल्या. त्यात एकामागून एक नग फुटले. त्या मॉडेलवर गोल्डचं स्टिकर होतं. जास्त भाराला बंद पडण्याची मर्यादा कंपनीने नंतर १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणली आणि ठरावीक सिरीयल क्रमांकांचे नग बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे स्टिकर खरंच होतं, पण आपण त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

हे मी इतकं मन लावून सांगतोय कारण इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतः अशीच एक यादी उतरवली होती. कार्डावर दोन हजार जास्त घालता यावेत म्हणून पॉवर सप्लायमध्ये दोन हजार वाचवले. पहिल्याच मे महिन्यात एका संध्याकाळी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि पुन्हा आली तेव्हा पीसीतून वास येत होता. पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. वॉरंटी पॉवर सप्लायची मिळाली, बोर्डाची नाही. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर घरात कोणतीही वस्तू घ्यायची असली की ते मला न विचारता घ्यायचे, आणि हे बरीच वर्षं चाललं. मावशी मला विचारत होती याचं मला म्हणूनच थोडं दडपण होतं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एसटीने नागपूरला गेलो, सीताबर्डीला. दुकानदाराने भावाची यादी वाचली, चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न केला: "घरी अर्थिंग आहे का?"

मी इतकी वर्षं गाइड पाहिली, पण हा प्रश्न एकाही गाइडने मला विचारल्याचं आठवत नाही. तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी पिन जमिनीत गेलेल्या तारेला जोडलेली असेल, हे तिथे गृहीत असतं. जुन्या घरांत ती पुष्कळदा नुसतीच भोक म्हणून असते. तशा घरात पीसीच्या लोखंडी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा प्रवाह अर्थकडे सोडतात; अर्थच नसेल तर कॅबिनेट सुमारे निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी, म्हणून माणूस दचकतो आणि सोडून देतो. पण आत खरा बिघाड झाला तर तो प्रवाह जायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे ती तिसरी पिन. भाऊ म्हणाला, "हाव, फ्रिजले हात लावला का मुंग्या येतात." दुकानदार म्हणाला, "मग आधी वायरमन, मग पीसी."

त्याने एका कागदावर कोटेशन लिहिलं. मला तो कागद गाइडशेजारी ठेवून वाचावासा वाटतो. त्यावर तारीख होती आणि खाली लिहिलं होतं: दर आजच्या दिवसापुरते. जीएसटी धरलेला होता. इंटरनेटवरची किंमत डॉलरमध्ये आणि कराशिवाय असते. २९९ डॉलरचं कार्ड म्हणजे रुपयात फक्त गुणाकार नाही, वर १८ टक्केही आहेत. प्रत्येक ओळीपुढे वॉरंटीची वर्षं होती आणि सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे की बाहेर पाठवावं लागतं, तेही होतं. उमरेडच्या माणसाला बिघडलेला पार्ट म्हणजे जवळपास पन्नास किलोमीटर जाणं, तितकंच येणं आणि कामाचा एक दिवस; त्यामुळे ही ओळ फ्रेमच्या आकड्याइतकीच महत्त्वाची.

म्हणून कोटेशन निर्मळ असतं असं नाही. त्यात दुकानातला पडून असलेला माल सरकवलेला असतो. आमच्याही कागदावर एक ‘गेमिंग’ पॉवर सप्लाय होता, ज्याच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रेषेवर नेमके किती अँपियर मिळतात हे लिहिलेलंच नव्हतं. लेबल वाचायचं असतं हे भावाला व्हिडिओंनी शिकवलेलं होतं. त्यानेच बोट ठेवलं आणि दुसरा मागितला. गाइडला पार्ट माहीत असतो, घर माहीत नसतं. दुकानदाराला घर माहीत असतं, पण त्याचं गोदामही त्याच्या डोक्यात असतं. दोन्ही मजकूर एकमेकांवर तपासून वाचावे लागतात.

मार्गदर्शनपर लेखन वाचकाचं घर ओळखू शकत नाही, ही सबब मला पटत नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. पाककृतीचं पुस्तक लाखो अनोळखी स्वयंपाकघरांसाठीच लिहावं लागतं. त्यांनी माप वाटी-चमच्याचं धरलं, कारण ते प्रत्येक घरात होतं. त्यामुळे नव्याने संसाराला लागलेल्या मुलीला परक्या शहरातही ते पुस्तक वापरता आलं. बिल्ड गाइडचं माप वाचकाच्या घरात नसतं. २१ अंशांची खोली, कधीच न जाणारी वीज आणि भक्कम अर्थिंग ही त्याची वाटी. माप बदलणं अवघड नाही. ‘६४ अंश’च्या जागी ‘खोलीपेक्षा ४३ अंश जास्त’ असं लिहायचं. काही परीक्षक तसं लिहितातही, आणि त्यांचा आलेख उमरेडलाही लागू पडतो. यादीच्या वर चार प्रश्न घालायचे: मॉनिटर कोणता, खोली किती तापते, लाईट किती वेळा जाते, अर्थिंग आहे का. याला दोन मिनिटं लागतात. पण या चार प्रश्नांच्या उत्तरात खरेदीची लिंक येत नाही, वायरमन येतो.

शेवटी आम्ही घेतलं ते असं. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी एसएसडी. कार्ड रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅटचं. २०२१चं, म्हणजे गाइडच्या हिशेबात म्हातारं, पण १०८०पीच्या ६० हर्ट्झ मॉनिटरसाठी भरपूर. कार्डात वाचलेल्या पैशांतून नावाजलेल्या मॉडेलचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, धुता येणाऱ्या फिल्टरचा जाळीदार कॅबिनेट आणि यूपीएस आला. यूपीएसवर ६०० लिहिलेलं असतं ते व्हीए. वॅटमध्ये ते साधारण ३६० भरतात. पीसी आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या आत राहतात, तरी आम्ही एक पायरी वरचा, १००० व्हीएचा घेतला. घरी वायरमनने अंगणात खड्डा करून अर्थिंगची पट्टी पुरली आणि तार ओढली. फ्रिजच्या मुंग्याही त्याच दिवशी गेल्या. मावशीच्या लेखी सगळ्या खरेदीतलं सर्वांत उपयोगाचं काम ते.

माझाही एक अंदाज साफ चुकला. "रॅम १६च घे, दिवाळीनंतर अजून १६ टाकू, स्वस्त होईल," असं मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं. २०२५ संपताना एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भविष्य सांगणाऱ्या गाइडांना मी नावं ठेवतो. ‘नंतर स्वस्त होईल’ हेही भविष्यच होतं. दुकानदाराचं ‘दर आजच्या दिवसापुरते’ हे वाक्य माझ्यापेक्षा शहाणं निघालं.

पीसी चालू आहे. पहिल्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता भावाने मला स्क्रीनचा फोटो पाठवला: खोली ३६, कार्ड ७८. दोन आकडे बरोबर पाठवायचे, हे त्याचं त्याने ठरवलं होतं.

मध्यंतरी त्याच्या एका मित्राने त्याच्याकडे यादी मागितली. त्याने मला तपासायला पाठवली. यावेळी मी ती एकदाच वाचली. पहिल्या ओळीत प्रोसेसर नव्हता. लिहिलं होतं: ‘आधी तुमच्या घरी येऊन बोर्ड पाहतो, मग सांगतो.’